हावभावाला वीस गुण

सर गेल्याचं मला दीड महिन्यानं कळलं. शाळेनं शोकसभा घेतली नाही, हे एक बरं केलं. घेतली असती तर कुणीतरी त्यांना 'परखड पण प्रेमळ' म्हटलं असतं, फोटोला हार घालून कपाळावर गंध टेकवलं असतं, आणि मला तिथल्या तिथे उठून आरडाओरडा करावा लागला असता. त्या कपाळाला त्यांनी जन्मात गंध लावू दिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही, असं त्यांची बायको सांगायची. मुहूर्त टळत चालला होता, भटजी रडकुंडीला आले होते आणि नवरदेव म्हणत होता, "तिला विचारा, तिला कोरं कपाळ चालतं का." तिनं मान हलवली आणि लग्न लागलं.

मॅट्रिक अजून अकरावीला होती तेव्हाची ही गोष्ट. धुळ्याच्या एका शाळेत मी नवी लागले होते, चोवीस वर्षांची, नवं लग्न आणि नवी बी. एड. सर आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, इतिहास शिकवायचे. मूळचे सोनगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. वर्गात पुस्तकी मराठी बोलत. पण राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणी सुटायची. दर दिवाळीला खाकी कापडाचं एक ठाण घेऊन त्यातच दोन पँटी आणि दोन शर्ट शिवून घेत. नवे पालक त्यांना शिपाई समजून त्यांच्या हातात ओल्या छत्र्या द्यायचे. सर त्या नीट कोपऱ्यात उभ्या करून ठेवत आणि मग त्याच पालकांना आत बोलावून त्यांच्या मुलाचे गुण सांगत.

उघड्या डोक्याचा माणूस दिसला की घरात सुतक आहे का, असं विचारणारा तो काळ. सर टोपी घालत नसत. त्यांना माणसाच्या अंगावरचं काहीच सहन होत नसे. टोपी, जानवं, माळ, पगडी, बुरखा, दिसेल त्याला ते एकच प्रश्न विचारत: "हे तुम्ही घातलंय, का तुम्हांला घातलंय?" पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून तो प्रश्न मलाही विचारला. मी लाल झाले. म्हटलं, "मला आवडतं म्हणून घातलंय."

"झालं तर मग," ते म्हणाले. "एवढंच ऐकायचं होतं. बाकीच्यांना एवढंही सांगता येत नाही."

मला ते अतिशय उद्धट वाटले होते. आजही वाटतात.

शाळेच्या दारात सुविचाराचा फळा होता. तो वर्षानुवर्षं सरांकडे होता आणि ते त्यावर संतांचं, थोरामोठ्यांचं काही लिहीत नसत. स्वतःच वाक्य करायचे. 'गृहपाठ न करणे हे पाप नाही, खोटे कारण सांगणे आळस आहे,' असलं काहीतरी. कुणी वाचायचं नाही, म्हणून चाललं होतं. एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'शेंडी, टोपी, बुरखा, पगडी. आत कोणी आहे का, हाक मारून बघावे.'

सकाळी शेंडीवाले बुरख्याला हसले, टोपीवाले शेंडीला हसले. दुपारपर्यंत ज्याला त्याला आपापला शब्द सापडला. शाळा सुटताना दारात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. एरवी एकमेकांच्या गल्लीतून न जाणारे लोक खांद्याला खांदा लावून सरांना शिव्या देत होते. धुळ्यात एवढी एकी मी पुन्हा पाहिली नाही. हेडमास्तर म्हणाले, माफी मागा. सर म्हणाले, "पुसतो. माफी मागत नाही. फळा शाळेचा आहे, वाक्य माझं आहे." ते फळा पुसत असतानाच मागून दगड आला आणि भुवईवर लागला. दगड शेंडीचा की टोपीचा, यावर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पैज लागली. मीही हसले होते त्या पैजेला. तीन टाके पडलेल्या माणसाच्या पाठीमागे आम्ही शिकलेली माणसं फिदीफिदी हसत होतो.

त्या गर्दीत एक पिंजारी होता, गाद्या-रजया भरून विकणारा, सरांच्याच गावचा. त्यानं सरांना कापसाच्या हातगाडीवर बसवलं आणि गर्दीतून वाट काढत दवाखान्यात नेलं. वाटेत तो त्यांना म्हणाला, "भाऊ, वाक्य बी वाईट व्हतं आन् दगड बी." सरांना हे फार आवडलं होतं. पुढे वर्षभर ते सांगत की, त्या दिवशी अख्ख्या धुळ्यात एवढाच एक टीकाकार त्यांना भेटला.

सरांचा कायदा साधा होता. जिभेनं काय ते करा, हात खिशात ठेवा. त्यासाठी त्यांनी वर्गात डालड्याच्या डब्यांचं एक रिकामं लाकडी खोकं आणून ठेवलं होतं. शनिवारच्या शेवटच्या तासाला ज्याला वाटेल त्यानं खोक्यावर चढायचं आणि वाटेल ते बोलायचं. तो आपण होऊन उतरेपर्यंत त्याला कुणी अडवायचं नाही, ओढायचं नाही. एका पोरानं मामाच्या बैलावर पाऊण तास भाषण केलं आणि अख्खा वर्ग घंटा होऊनही बसून राहिला. दुसरा चढला आणि म्हणाला, "सरांच्या अंगाला घामाचा वास येतो." सर म्हणाले, "पुढे?" पोरगा म्हणाला, "पुढे काही नाही." सोमवारपासून सर दुपारच्या सुटीत हौदावर जाऊन तोंड-हात धुऊन येऊ लागले.

एकदा एक दिगंबर मुनी गावातून विहार करत चालले होते. मागे श्रावकांची रांग होती. आमची मुलं खिडकीत जमून खिदळायला लागली. सरांनी सगळ्यांना खाली नेऊन रस्त्याच्या कडेला गप्प उभं केलं आणि मुनी दिसेनासे होईपर्यंत हलू दिलं नाही. वर आल्यावर म्हणाले, "आता खोक्यावर या आणि काय हसू आलं ते बोला. त्यांच्या तोंडावर हसायची हिंमत नव्हती ना, मग माझ्या तोंडावर बोला." एकही चढला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण सर कापडाच्या विरुद्ध होते आणि कापड नसण्याच्या बाजूचे होते, असं नंतर अनेकांनी पसरवलं. ते कशाच्याच बाजूचे नव्हते. त्यांना फक्त आतल्या माणसाचं ऐकायचं असायचं.

त्या पिंजाऱ्याची मुलगी शमीम आमच्याच शाळेत अकरावीला होती. तिची आई गावात असताना लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन शेतात जायची. धुळ्याला आल्यावर, मोहल्ल्यात राहायचं म्हणून, घरात बुरखा आला. शमीम फाटकापर्यंत बुरख्यात यायची, फाटकाच्या आत आली की तो घडी करून दप्तरात ठेवायची. बुटकी, भरभर बोलणारी पोर. एका शनिवारी ती खोक्यावर चढली आणि सरांकडे बघत म्हणाली, "सर, तुम्ही बुरख्याला नावं ठेवता. पण बुरखा घातला की मी भर बाजारातून एकटी येते. तुमच्या वर्गातल्या बाकीच्या मुली चौघी-चौघी मिळून येतात. त्यांना विचारा का ते."

सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "देखा! कापडं बोलतस नही, मानूस बोलस!" आठवडाभर त्यांनी हे वाक्य भेटेल त्याला ऐकवलं. आपल्याविरुद्ध कुणी चांगलं बोललं की हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा खूष होत असे.

त्याच वर्षी जळगावच्या एका मंडळानं आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय होता, 'भाषणस्वातंत्र्य : हक्क आणि मर्यादा'. सरांनी शमीमचं नाव घातलं आणि तिच्या बापाकडे परवानगी मागायला गेले. पिंजाऱ्यानं दोन दिवस मागून घेतले. घरात सासुरवाडीची माणसं 'पोरगी आता शाळेतून काढ' म्हणत होती, मोहल्ल्यातली जाणती माणसं तेच म्हणत होती. तो एकटा 'मॅट्रिक होऊ द्या' म्हणून नेटानं उभा होता. शेवटी त्यानं सगळ्यांना शब्द दिला आणि तोच शब्द सरांकडून घेतला. पोर जाईल बुरख्यात, स्टेजवर उभी राहील तोंड झाकून, आणि परत येईल बुरख्यात. हे पाळलं तर मॅट्रिकपर्यंत कुणी तिला अडवणार नाही. नाही पाळलं तर त्याला पुन्हा कुणाशी भांडता येणार नाही.

सरांना हे पटलं असेल का? मुळीच नाही. दोन दिवस ते स्टाफरूममध्ये चिडचिड करत होते. मग म्हणाले, "आधी बोलणं ऐकू. कापड नंतर मोजू." आणि ते कामाला लागले.

भाषण शमीमनं स्वतः लिहिलं होतं. त्याची सुरुवात मला आजही पाठ आहे. "अध्यक्ष महाशय, परीक्षक आणि श्रोतेहो, तुम्हांला माझा चेहरा दिसत नाही. हा बुरखा मला आवडतो की नाही, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. घाल म्हणणाऱ्यांनी नाही, काढ म्हणणाऱ्यांनीही नाही. आज मी ते सांगणार आहे, आणि सांगून होईपर्यंत तो अंगावर ठेवणार आहे." पुढे काय होतं तेही मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. तो हक्क माझा नाही.

हे भाषण मी तीस वेळा ऐकलं. तिचे उच्चार सुधारायचं काम माझ्याकडे होतं. खानदेशातल्या आम्हां सगळ्यांचीच 'न' आणि 'ण'शी फारकत. म्हणून मी डोळे मिटून 'न' आणि 'ण' ऐकत होते. ती पोर काय म्हणतेय, हे मी तीस वेळांत एकदाही ऐकलं नाही. याचा मला जेवढा संताप येतो तेवढा जगात कशाचाच येत नाही.

आम्ही तिघं सकाळच्या एस. टी.नं जळगावला गेलो. सभागृहात गर्दी होती. मंडळाचे चिटणीस शमीमकडे बघून आधी गडबडले, मग सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हावभावाला वीस गुण आहेत. परीक्षकांनी काय बघायचं?"

"शून्य द्या," सर म्हणाले. "ऐंशीपैकी बोलेल ती."

"तसं नियमात नाही."

"तोंड दाखवावं असं तरी नियमात कुठंय?"

"आणि सर, व्यासपीठावर धर्माचं प्रदर्शन नको, असं मंडळाचं धोरण आहे."

सरांनी नुसतं व्यासपीठाकडे बोट केलं. तिथे देवीची तसबीर होती, नुकता फोडलेला नारळ होता, उदबत्त्या जळत होत्या. मधल्या खुर्चीत प्रमुख पाहुणे बसले होते, कपाळावर लांबलचक गंध, डोक्यावर फेटा.

"ती परंपरा आहे," चिटणीस म्हणाले.

"अच्छा. आपला तो बाब्या," सर म्हणाले आणि मुख्य परीक्षकांना गाठायला वरच्या मजल्यावर गेले. जाताना मला सांगून गेले, "बाई, पोरीजवळ थांबा."

मी थांबले. व्यासपीठामागच्या खोलीत शमीम आणि मी बाकावर बसलो होतो. मंडळाच्या एक ताई आल्या. फार गोड बाई. त्यांनी मला चहा दिला, माझ्या साडीचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्याकडेच बघून या मुली पुढे येणार. तुम्हीच समजवा ना तिला. नाव कापायची वेळ नको यायला."

मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी शमीमला म्हटलं, "काढ गं. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. इथे जळगावात तुला कोण ओळखतंय?"

"बाई, अब्बांनी शब्द दिलाय."

"त्यांना कोण सांगायला जाणार आहे?"

हे माझं वाक्य. एका शिक्षिकेचं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर काढते, बाई." तिनं बुरखा काढला, नेहमीसारखी नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

ती व्यासपीठावर आली तेव्हा चिटणिसांनी माइकवरून सांगितलं की, ही मुलगी बुरखा बाजूला सारून आली आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले, त्यांच्याबरोबर सगळं सभागृह. फोटोग्राफरचा दिवा चमकला. टाळ्या थांबल्यावर शमीमनं सुरुवात केली, स्वच्छ उच्चारात. "अध्यक्ष महाशय, परीक्षक आणि श्रोतेहो, तुम्हांला माझा चेहरा दिसत नाही."

आणि लोक हसले.

वाईट हेतूनं नाही. त्यांना वाटलं, पोर घाबरली, पाठ केलेलं चुकलं. पुढच्या रांगेतल्या बायका कौतुकानं हसल्या. शमीम थांबली. तिच्या भाषणाचं पुढचं प्रत्येक वाक्य त्या पहिल्या वाक्यावर उभं होतं आणि पहिलं वाक्य मी खोटं करून टाकलं होतं. ती तशीच उभी राहिली, हात बाजूला सोडून, बहुधा दोन मिनिटं. मला ती घटका सरता सरेना. मग ती नमस्कार करून उतरली आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

सर जिन्यावरून खाली येत होते. त्यांनी ते सगळं दारातून पाहिलं. ते थेट व्यासपीठाकडे गेले आणि म्हणाले, "मला दोन मिनिटं बोलू द्या. ही मुलगी काय म्हणणार होती ते—" चिटणीस म्हणाले, "सर, हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे." सरांनी आवाज चढवला. दोन स्वयंसेवकांनी त्यांचे दंड धरले आणि मधल्या वाटेनं त्यांना बाहेर नेलं. वर कापडी फलक लटकत होता, भाषणस्वातंत्र्य. त्याखालून त्यांना ओढत नेलं आणि बायका नाकाला पदर लावून बाजूला झाल्या. त्यानंतर प्रमुख पाहुणे 'बुरखा फेकून देणारी आमची ही भगिनी' यावर अर्धा तास बोलले. त्यांना कुणी घंटा दिली नाही.

शमीमला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गुणपत्रक सरांनी नंतर मागवून घेतलं. विषयाला चार, भाषेला पाच, उच्चाराला बारा. हावभावाला वीसपैकी अठरा.

सभागृहाबाहेर सरांनी मला विचारलं, "काय केलंत, बाई?" मी म्हटलं, "मी फक्त म्हटलं तिला. हात नाही लावला."

"हात लावला असतात तर ती नाही म्हणाली असती," ते म्हणाले.

मी पुष्कळ वर्षं या वाक्याशी मनातल्या मनात भांडले. बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे ना, मग मलाही आहे. मी माझं मत दिलं. पण सतरा वर्षांच्या मुलीला तिची शिक्षिका 'काढ गं' म्हणते तेव्हा ते मत नसतं. ते ओढणंच असतं. सर एवढं बडबडायचे, पण हे त्यांनी आम्हांला आधी कधी शिकवलं नाही. त्यांना स्वतःलाही ते त्याच दिवशी कळलं असावं.

परतीच्या एस. टी.ला वेळ होता. माझं सासर पिंप्राळ्याचं, तेव्हा ते जळगावच्या बाहेरचं गावच होतं. मीच आग्रह केला की, चहा घेऊन जाऊ. ओट्यावर पाय ठेवला आणि आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, समोर आले. माझा हात आपोआप वर गेला आणि पदर कपाळापर्यंत ओढला गेला. शमीम माझ्या शेजारी उभी होती, पुन्हा बुरख्यात. तिनं जाळीतून माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, आणि त्यांचा तो नेहमीचा प्रश्न, जो त्यांनी भटजीपासून मौलवीपर्यंत कुणालाही सोडला नव्हता, तो त्या दिवशी मला विचारला नाही. विचारला असता तर फार बरं झालं असतं.

चार दिवसांनी जळगावच्या एका साप्ताहिकाचं कात्रण धुळ्यात आलं. शमीमचा फोटो आणि वर मथळा, 'बुरख्याला रामराम!' कुणीतरी ते मोहल्ल्यातल्या भिंतीवर खळीनं चिकटवलं. मॅट्रिकचा फॉर्म भरलेला असून शमीम परीक्षेला बसली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, मालेगावकडे.

संस्थेनं सरांची बदली पिंपळनेरच्या शाखेत केली. कारण दिलं, परगावच्या कार्यक्रमात गैरवर्तन. मोहल्ल्यातली माणसं म्हणाली, पोर नासवली. आमच्यातली माणसं म्हणाली, उंटावरचा शहाणा, बरा उतरला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचं कुणाचं काही गेलं नाही. सर एक ट्रंक घेऊन एस. टी.त बसले. मला म्हणाले, "शनिवारचा तास चालू ठेवा, बाई." महिन्याभरात हेडमास्तरांनी तो बंद केला आणि खोक्यात खडू ठेवायला लावले. मी काही बोलले नाही.

सरांवरही माझा राग आहे. भाषण तिचं होतं, पण मोठ्या माणसांच्या भांडणाच्या मधोमध तिला उभं केलं ते सरांनी. दगड खायची त्यांना हौस होती; तिच्याजवळ गमवायला एक परीक्षा होती फक्त. पुढे एकदा पिंपळनेरहून त्यांचं पत्र आलं. त्यात त्यांनी हेच लिहिलं होतं, माझ्यापेक्षा कडक शब्दांत. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

कात्रण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "मी तिच्या घरी चाललोय. तुम्ही येता?" 'चला' असं म्हणाले नाहीत. मी गेले. अर्धी खोली पिंजलेल्या कापसानं भरली होती. पिंजाऱ्यानं आम्हांला चटई टाकली, आतून चहा आला. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागे कुणीतरी उभं होतं. कोण, ते आम्हां तिघांनाही माहीत होतं.

पिंजारी चिडला नव्हता. खूप थकल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "भाऊ, मी बठ्ठासले, घरले बी, मोहल्लाले बी, सांगेल व्हतं, पोर बुरखामा जाई, बुरखामा बोली. मना शब्द व्हता तो. जे व्हयनं ते व्हयनं. माले एकच सांगा. तिले 'बुरखा काढ' असं कोनी सांगं? पोर नाव सांगत नही."

सर समोर बघत होते, माझ्याकडे नाही. मी खाली कपाकडे बघत होते. दोन शब्द बोलायचे होते फक्त. 'मी सांगितलं.' माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. माझे दंड कुणी धरले नव्हते. दारात दगड घेऊन कुणी उभं नव्हतं. मला नोकरी होती, पदवी होती, बोलायची सगळी मोकळीक होती. ज्या पोरीला शब्द मोडल्याची शिक्षा झाली होती ती पडद्याआड माझं नाव गिळून उभी होती, आणि मी, तिचे उच्चार सुधारणारी, तोंड मिटून बसले होते.

"मी सांगं," सर म्हणाले, माझे ते दोन शब्द आपल्या नावावर घेत. "चूक मनी शे."

पिंजाऱ्यानं मान हलवली.

"नही भाऊ," तो हळूच म्हणाला. "तुम्ही नही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. घरी आलेल्या परक्या बाईकडे त्यांच्यात रोखून बघत नाहीत. त्यानं नजर खाली घेतली, माझ्यापुढची कपबशी दोन बोटं पुढे सरकवली आणि माझ्यासाठी मुद्दाम शाळेतल्या मराठीत म्हणाला, "चहा घ्या, बाई. थंड होतोय."

मी तो घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या घोटापर्यंत.